सूट शिवायचा, की धोतरावरच जहाजात जेवायचं?

परभणी जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. नाव-गाव छापू नका, असं त्यांनी कळवलं आहे. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्या. त्यांचे मालक शेती बघतात. वय ६६, अंगात नेहरू शर्ट, धोतर, डोक्याला टोपी आणि तीस वर्षांपासून गळ्यात तुळशीची माळ. मुलगा सिंगापूरला नोकरीला आहे. आई-वडिलांच्या लग्नाला चाळीस वर्षं होतायत म्हणून त्याने चार रात्रींची क्रूझ ठरवली आहे. सिंगापूरहून निघायचं, पेनांग आणि फुकेत करून परत यायचं. सोबत सून आणि पुण्याचे व्याही-विहीणबाई. पैसे भरून झाले आहेत, जायला अडीच महिने आहेत.

मध्यंतरी मुलाने कंपनीचा एक कागद मोबाइलवर पाठवला. एका रात्री जेवायला ‘फॉर्मल’ कपडे लागतील, असं त्यात होतं. खाली मुलाने लिहिलं, “बाबांना एक सूट शिवून घे, पैसे पाठवतो. तुलाही काहीतरी नवीन बघ.” शिंप्याकडे येत्या गुरुवारी माप द्यायला जायचं ठरलं आहे. मालक म्हणतात, “हयातीत पँट घातली नाही, आता समुद्रात जाऊन घालू का? तुम्ही जेवा तिकडं हॉलात, मला खोलीत काहीतरी आणून द्या.”

ताईंचा प्रश्न त्यांच्याच शब्दांत असा : “ह्यांना समजावून सूट घालायला लावू? का आम्ही दोघं रोज वरच्या साध्या बुफेत जेवू आणि व्याही मंडळी खाली मोठ्या हॉलात? पण मग व्याह्यांसमोर मुलाची मान खाली जाईल. एकदा वाटतं, गुडघ्याचं कारण सांगून जाणंच मोडावं. शिवाय ह्यांचं माळेचं जेवण तिथं कसं व्हायचं, तेही कळत नाही.”

ताई,

तुमच्या मूळ पत्रात ‘सूट’ बारा वेळा आला आहे आणि माळ एकदाच, तीही शेवटच्या ओळीत. मला वाटतं, भाऊजींच्या मनात हे प्रमाण उलटं असणार. त्याकडे येतेच. पण गुरुवार जवळ आला आहे, तेव्हा आधी सूटाचं बोलू.

सूट शिवू नका.

‘फॉर्मल’ म्हणजे कोट-टाय, असा अर्थ तुमच्या मुलाने घेतला. त्याच्या ऑफिसात तोच अर्थ असेल. जहाजांवर तो जरा मोठा आहे. बऱ्याच क्रूझ कंपन्यांच्या पोशाखाच्या नियमात सूट आणि गाऊन यांच्याच जोडीला राष्ट्रीय किंवा पारंपरिक पोशाखही धरलेला असतो. या बाबतीत सगळ्यात कडक समजली जाते ती कुनार्ड ही जुनी ब्रिटिश कंपनी. तिच्या क्वीन मेरी २ या जहाजावर ‘गाला’ रात्री संध्याकाळी सहानंतर पुरुषांनी काळं डिनर जॅकेट नाहीतर गडद सूट घालावा, असा दंडक आहे. त्याच दंडकात औपचारिक राष्ट्रीय पोशाख चालतो, हेही आहे. स्कॉटलंडचे पुरुष तिथे किल्ट घालून, म्हणजे कमरेपासून गुडघ्यापर्यंतचा चौकड्यांचा चुणीदार परकर नेसून, त्याच हॉलात जेवायला बसतात. मग नीळ दिलेलं काठाचं धोतर, परीटघडीचा नेहरू शर्ट आणि खांद्यावर उपरणं घेतलेला आपला माणूस तिथे कशाने कमी पडतो?

जेवणासाठी वेगळे कपडे, ही कल्पनाच परकी वाटून तुम्ही दोघं बिचकला आहात. ती तशी नाही. नैवेद्याच्या पंगतीला सोवळं नेसून बसणारे आजोबा तुम्ही पाहिले असतील. लग्नात अक्षता टाकायच्या वेळी उघड्या डोक्याचा माणूस शेजाऱ्याकडून रुमाल मागून डोक्यावर घेतो. लातूर-धाराशिवकडे वेळ अमावस्येला शेतात कडब्याच्या कोपीपुढे बसून भज्जी-आंबील खायची असते, तरी बायका ठेवणीतलं लुगडं काढतात. कोणी लेखी नियम लावलेला नसतो. आज रोजचा दिवस नाही, एवढं अंगावर दिसावं, म्हणून आपण ते करतो. जहाजावरची फॉर्मल रात्र हीच आहे. भाऊजींना हे असं सांगितलं तर पटेल. “सगळे घालतात म्हणून तुम्ही पण घाला” हे नाही पटणार, आणि पटू नयेच.

आता दुसरी गोष्ट. बुफे म्हणजे कमीपणा, असं तुम्ही धरून चालला आहात. पत्रात तुम्ही त्याला ‘वरचा साधा बुफे’ म्हटलंय आणि खालच्याला ‘मोठा हॉल’. हा उच्च-नीच भाव जहाजांच्या जुन्या काळातला आहे. तेव्हा बोटी प्रवासासाठी होत्या, त्यांत वर्ग असत. पहिल्या वर्गातले लोक रात्री नटूनथटून जेवायला येत आणि स्वस्त तिकिटाची माणसं खालच्या मजल्यावर वेगळी जेवत. पुढे समुद्रावर नुसतं सुट्टीसाठी जायची पद्धत आली, वर्ग बहुतेक जहाजांवरून गेले, नटण्याची रीत मात्र राहिली. २००० साली नॉर्वेजियन क्रूझ लाइनने ‘फ्रीस्टाइल’ नावाने ठरलेली वेळ, ठरलेलं टेबल आणि सक्तीची औपचारिक रात्र काढून टाकली. नंतर इतरांनीही आपापले नियम सैल केले. आज बहुतेक जहाजांवर फॉर्मल रात्रीसुद्धा बुफे चालू असतो आणि तिथे जाणाऱ्याला कोणी का म्हणून विचारत नाही. त्या रात्री तिथे डॉक्टर असतात, इंजिनिअर असतात, लहान मुलं झोपेला आलेले आई-बाप असतात आणि नटण्याचा कंटाळा आलेले गोरे म्हातारे-म्हातारीही असतात.

तिथलं रोजचं जेवण कसं चालतं ते थोडं सांगते, कारण तुमच्या पत्रावरून दोन्ही जागा डोळ्यांसमोर आलेल्या दिसत नाहीत.

मोठा हॉल म्हणजे मुख्य जेवणघर. टेबलावर कापड, कार्डावर पदार्थांची नावं, वेटर विचारून वाढतो. तिकिटात हे जेवण धरलेलं असतं. बऱ्याच जहाजांवर दोन पंगती असतात, पहिली साडेपाच-सहाच्या सुमाराला आणि दुसरी आठ-साडेआठला. काही ठिकाणी आपल्या सोयीने कधीही जाता येतं, पण ते आधी निवडावं लागतं. भाऊजी शेतकरी माणूस, दिवेलागणीला जेवून नऊला आडवे होत असतील तर पहिली पंगत मागा. पुणेकर व्याह्यांना ती लवकर वाटेल, तेव्हा हे आधीच बोलून घ्या. टेबल दोघांचं, सहांचं किंवा अनोळखी लोकांत मिसळून, असं कसंही मिळू शकतं. सहा जणांचं एकच टेबल हवं, हे मुलाला बुकिंगमध्ये आत्ताच टाकायला सांगा.

बुफे बहुधा वरच्या मजल्यावर, खिडक्यांशी, समुद्र दिसेल असा असतो. सकाळी नाश्त्यापासून रात्रीपर्यंत, मधली थोडी वेळ सोडून, काही ना काही चालू असतं. आपली थाळी आपण घ्यायची. कपड्यांचा नियम इतकाच, की अंग झाकलेलं हवं, पायात काहीतरी हवं, पोहण्याच्या ओल्या कपड्यांत यायचं नाही. दारातच हात धुवायची सोय असते. साबणानेच धुवा, नुसतं सॅनिटायझर चोळून आत जाऊ नका. जहाजावर पोट बिघडवणारा जो नोरोव्हायरस पसरतो, त्याच्यावर सॅनिटायझरचा फारसा जोर चालत नाही.

याशिवाय जादा पैसे भरून जायची खास हॉटेलंही जहाजात असतात. तुम्हाला त्यांची गरज नाही. मुलाने हौसेने तिथलं टेबल ठरवलंच असेल तर शाकाहाराचं काय, ते विचारून मगच हो म्हणा.

आता माळेकडे येते. मला खरा प्रश्न हाच वाटतो.

माळकरी माणसाला बुफेत बरं पडेल, असं वरवर वाटतं. डोळ्यांनी बघून घेता येतं, नको ते टाळता येतं. पण बुफेत शाकाहारी भाजीच्या ट्रेशेजारी मांसाचा ट्रे असू शकतो, आणि गर्दीत कोणीतरी इकडचा डाव तिकडे घालतो. तीस वर्षं माळ सांभाळलेल्या माणसाने हे एकदा पाहिलं, तर चारही दिवस तो फळं आणि ब्रेडवर काढेल. ‘मला खोलीत आणून द्या’ यामागे पँटपेक्षा ही धास्ती असण्याची शक्यता मला जास्त दिसते. त्यांना विचारा. “जेवणाची काळजी वाटते का?” एवढंच. कपड्यांचं नाव काढू नका.

मोठ्या हॉलात हा घोळ कमी होतो. ताट आतून लावून येतं. एकच वेटर रोज तुमच्या टेबलावर असला, तर पहिल्या रात्री सांगितलेलं दुसऱ्या रात्री पुन्हा सांगावं लागत नाही. भारतीय प्रवासी नेहमी असतात अशा जहाजांवर तिथला मुख्य वेटर उद्याच्या भारतीय शाकाहारी जेवणाची मागणी आज घेऊन ठेवतो. म्हणजे कपड्यांच्या भीतीने तुम्ही जी जागा टाळायला निघालात, त्याच जागी भाऊजींचं पथ्य जास्त नीट सांभाळलं जाईल.

त्यासाठी मुलाला आजच कंपनीला मेल करायला सांगा. अशा विनंत्या कंपन्या निघण्याच्या महिना-दीड महिना आधी मागतात, तुमच्याकडे तेवढा वेळ आहे. मेलमध्ये नुसतं ‘व्हेजिटेरियन’ लिहून भागत नाही. त्यांच्या व्हेजिटेरियनमध्ये अंडं येतं. केकमध्ये अंडं असतं, थरथरत्या गोड पदार्थात प्राण्यांपासून काढलेलं जिलेटिन असू शकतं, भाजीचं म्हणून आलेल्या सूपचं पाणी कोंबडीच्या हाडांचं असू शकतं. म्हणून ‘मांस, मासे, अंडं, जिलेटिन आणि हाडांचं पाणी यांतलं काहीही नको’ असं शब्दन् शब्द लिहा. भाऊजी कांदा-लसूणही खात नसतील तर ‘जैन जेवण’ म्हणा, तो शब्द तिकडे कळतो. विमानाचंही तसंच. तिकिटावर ‘हिंदू मील’ निवडलं तर त्यात मांस येऊ शकतं, गोमांस मात्र नसतं. ‘एशियन व्हेजिटेरियन’ किंवा ‘इंडियन व्हेजिटेरियन’ जेवण मागा. हे माहीत नसल्यामुळे विमानात उपाशी बसलेले माळकरी मला ठाऊक आहेत.

पंचांग काढून त्या चार दिवसांत एकादशी येते का, तेही बघा. आली तर साबुदाणा तिथे मिळेल ही आशा नको. फळं, दूध, दही, उकडलेला बटाटा मिळतो आणि शेंगदाण्याचे लाडू दुकानातल्या बंद पाकिटातून नेता येतात.

घरून काय न्यायचं, यात मात्र जपा. घरी रांधलेलं अन्न बहुतेक जहाजं चढवू देत नाहीत. कारखान्यात सीलबंद केलेली पाकिटं चालतात. लाडू, चटणी न्यायची तर दुकानातून लेबल लावलेल्या बंद पाकिटात घ्या. आणि एक गोष्ट ठळक लक्षात ठेवा. सिंगापूरला खसखस नेता येत नाही. तिथे ती बंदी घातलेल्या मालात मोडते. म्हणजे मुलासाठी अनारसे न्यायचा विचार असेल तर सोडा, आणि घरच्या काळ्या मसाल्यात खसखस घातली असेल तर तोही इथेच राहू द्या. खायच्या तंबाखूलाही तिथे बंदी आहे. भाऊजींना सवय असेल तर चंची घरी ठेवायची. ते अवघड जाईल, म्हणून आतापासूनच कमी करायला लागा. पेनांग-फुकेतला उतरताना जहाजातली फळं, शिजवलेलं अन्न पर्समध्ये घालून खाली नेऊ नका, बंदरावर अडवतात.

हे सगळं मी एवढ्या आग्रहाने सांगते आहे, त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी मी माझ्या आईला एका जहाजावर घेऊन गेले होते. ती तेव्हा सत्तरीची. आयुष्यभर नऊवारी नेसलेली बाई. फॉर्मल रात्र आहे म्हणून मी तिला पाचवारी रेशमी साडी नेसायला लावली, अंबाड्याला जाळी लावली, हातात छोटी पर्स दिली. ती काही बोलली नाही. टेबलाशी ताठ बसली. चमच्याने दोन घास भात खाल्ला आणि पदर सारखा करत राहिली. माझं सगळं लक्ष आजूबाजूच्या टेबलांवर होतं. जेवण संपल्यावर ती म्हणाली, “मला वाटलं तू मला ओळखत नाहीस असं दाखवतेयस.” दुसऱ्या रात्री मी तिला विचारलं, कुठे जेवायचं? ती म्हणाली, वर. नेहमीचं सुती लुगडं नेसून ती बुफेत खिडकीशी बसली, दही-भात हाताने कालवला आणि बाहेर अंधारात दुसऱ्या जहाजाचे दिवे मोजत पोटभर जेवली.

मला तेव्हा वाटलं, आता ही हॉलात काही पाऊल टाकणार नाही. पण शेवटच्या रात्री तीच म्हणाली, खाली जाऊ. कारण काय, तर तिथल्या वेटर मुलाने पहिल्या रात्री तिच्यासाठी हिरव्या मिरच्या उभ्या चिरून, वर मीठ टाकून छोट्या वाटीत आणल्या होत्या, आणि तो वाट बघत असेल असं तिला वाटत होतं. आम्ही गेलो. ती नऊवारीतच. वाटी टेबलावर आधीच ठेवलेली होती.

मी तिला पहिल्याच दिवशी विचारलं असतं, तर तिची एक रात्र वाया गेली नसती. म्हणून तुम्हाला सांगते, भाऊजींना समजावण्याआधी त्यांना विचारा.

तसंच मुलाचं. ‘मुलाची मान खाली जाईल’ असं तुम्ही लिहिलंय. हे तो म्हणाला का? त्याने पाठवला तो कंपनीचा कागद आणि एक ओळ. परदेशात नोकरी करणाऱ्या मुलाला नियम मोडला तर दारातून परत पाठवतील, ही भीती असते. वडिलांच्या धोतराची लाज असतेच असं नाही. या रविवारी फोन लावा आणि सरळ सांगा, “बाबा धोतर नेसतील, ते तिथं चालतं का एवढं कंपनीला विचार. जेवणाचं लिहिशील त्याच मेलमध्ये हेही लिही.” मेलमध्ये धोतर, नेहरू शर्ट, टोपी असा पूर्ण पोशाख लिहावा आणि सोबत भाऊजींचा लग्नकार्यातला एखादा फोटो जोडावा. टोपीचा उल्लेख मुद्दाम करायचा, कारण काही कंपन्या मुख्य जेवणघरात कॅप घालून येऊ देत नाहीत. त्यांच्या मनात बेसबॉलची कॅप असते, पण दारातला माणूस नवखा असला तर लेखी उत्तर हाताशी असलेलं बरं. ते उत्तर मोबाइलमध्ये ठेवा, एक छापील प्रत पिशवीतही असू द्या.

फोनवर मुलाचा आवाज खरंच पडला, धोतर म्हटल्यावर तो गप्प झाला, तर मात्र ते तिथेच बोलून टाका. वर्षानुवर्षं साठत आलेलं काही असेल ते जहाजात चार माणसांत निघण्यापेक्षा घरात निघू द्या. अशा वेळी चिडून सूट शिवू नका आणि चिडून तिकीटही मोडू नका.

व्याह्यांबद्दलही तुम्ही मनाशी बरंच ठरवून टाकलंय. ते पुण्याचे, म्हणून सराईत असतील. असतीलही. पण विहीणबाईंनाही साखर, गुडघे, ‘काय नेसू’ हे सगळं असू शकतं. तुम्हीच आधी फोन करून “तुम्ही त्या रात्री काय नेसणार?” असं विचारा. दोघी बायका साड्यांवर बोलायला लागल्या की निम्मं ओझं उतरतं. आणि सहा जणांनी चारही रात्री एकाच टेबलाशी बसलं पाहिजे, असं कुठे आहे? पहिल्या रात्री सगळेच बुफेत जा. सामान बंदरावर दिलं की खोलीच्या दाराशी यायला काही तास लागतात, कधी जेवणाची वेळ होऊन जाते, आणि म्हणूनच पहिली रात्र जहाजांवर बहुधा साध्या कपड्यांचीच असते. फॉर्मल रात्री सगळे हॉलात, चाळीस वर्षांच्या निमित्ताने. मधली एक रात्र तरुण जोडप्याला त्यांची त्यांना द्या. सुनेलाही ते हवं असेल, ती बोलणार नाही.

खोलीत जेवण मागवता येतं, हे खरं. सकाळचा चहा-नाश्ता पुष्कळ ठिकाणी फुकट येतो. इतर वेळी काही कंपन्या पैसे घेतात. पण त्यात बहुधा सँडविच, पिझ्झा, बर्गर असंच असतं. भाऊजींचं त्यात काही भागणार नाही. एखाद्या संध्याकाळी थकवा आला तर बुफेतून ताट भरून खोलीत नेता येतं. पण चार रात्री बंद खोलीत एकट्याने जेवायला ते सिंगापूरपर्यंत कशाला जातील?

आणि गुडघ्याचं कारण. गुडघे खरंच दुखत असतील तर जहाजात लिफ्ट असते, बंदरावर चाकाची खुर्ची आधी सांगून मिळते. दुखत नसतील तर हे कारण देऊ नका. पूर्ण पैसे भरल्यावर निघायची तारीख जशी जवळ येते तशी परत मिळणारी रक्कम कमी होत जाते आणि अगदी शेवटी काहीच मिळत नाही. त्यापेक्षा मोठं नुकसान हे, की मुलगा पुढे प्रत्येक वेळी तुमच्या गुडघ्यांची काळजी करत राहील आणि तुम्हाला दर वेळी ते दुखणं सांभाळावं लागेल.

तुमच्या स्वतःच्या कपड्यांबद्दल पत्रात एक शब्द नाही. पैठणी असेलच घरात. तीच न्या, एकच, त्या एका रात्रीसाठी. गाऊन-बिऊन काही नको. पैठण तुमच्यापासून फार लांब नाही. त्या जहाजावर एवढ्या जवळच्या मागावरचं वस्त्र नेसून बसलेली बाई बहुधा तुम्हीच असाल. बाकी दिवसांना इरकल किंवा चुरगळत नाही अशी कोणतीही साडी. इस्त्री बॅगेत घालू नका. आगीच्या भीतीने बहुतेक जहाजं इस्त्री, पाणी उकळायची किटली, शेगडी काढून घेतात आणि शेवटच्या दिवशी परत देतात. माझी इस्त्री अशीच बंदरावर निघाली आणि मागे रांग लागलेली असताना बॅग सगळ्यांसमोर उघडावी लागली. काही जहाजांवर कपडे धुण्याच्या खोलीत इस्त्री असते, नाहीतर पैसे देऊन करून मिळते. पैठणी मलमलच्या कापडात गुंडाळून हातातल्या बॅगेत वर ठेवा. औषधं, चष्मा आणि पहिल्या संध्याकाळचे कपडेही त्याच बॅगेत. हॉलात एसी फार गार असतो, शाल लागतेच. छत्रपती संभाजीनगरची हिमरू शाल कोणाकडे असेल तर ती न्यायची हीच वेळ आहे. भाऊजींच्या खांद्यावरही ती शोभेल. चपला सपाट आणि न घसरणाऱ्या घ्या, कारण जहाज हलतं. रबरी स्लीपर जेवणघरात चालत नाहीत.

हाताने जेवायला लाजू नका. पोळी-नान कोणीही हातानेच खातं. भातासाठी चमचा मागा किंवा हाताने कालवा, आणि कोमट पाण्याची वाटी मागितली की आणून देतात.

बक्षिसीचं मुलाला विचारून ठेवा. पुष्कळ कंपन्या दर माणशी, दर दिवशी ठरावीक रक्कम खात्यात आपोआप लावतात. अमेरिकी कंपन्यांत ती साधारण १६ ते २० डॉलर असते. ती भरलेली असेल तर टेबलावर वेगळे पैसे ठेवलेच पाहिजेत असं नाही. भाऊजींना कोणाच्या हातावर काही ठेवावंसं वाटलं, तर तो त्यांचा आनंद.

अशीच चौकशी करणारी आणखी काही पत्रं आहेत, त्यांनाही इथेच सांगते. नांदेडच्या ज्या नव्या जोडप्याने मुंबईहून गोव्याला जायचं विचारलंय, त्यांनी कपड्यांची चिंताच करू नये. कॉर्डेलिया या भारतीय क्रूझ कंपनीच्या एम्प्रेस जहाजावर प्रवासी बहुतेक भारतीयच असतात, शाकाहारी आणि जैन जेवण रोजचं आहे. एक बरा कुर्ता आणि एक बरी साडी पुरे. संभाजीनगरच्या एका वाचक भगिनींनी हलाल जेवणाचं विचारलंय. सिंगापूरहून सुटणाऱ्या जेंटिंग ड्रीम या जहाजावर हलाल आणि शाकाहारी-जैन, दोन्ही सोयी आहेत. इतर जहाजांना वर सांगितल्यासारखाच मेल करा. आणि तरुण मुलांसाठी एक : साध्या रात्री जीन्स चालते, हाफ पँटसुद्धा पुष्कळ ठिकाणी चालते, बिनबाह्यांचा बनियन आणि पोहण्याची चड्डी हॉलात कुठेच चालत नाही. त्या दिवशी कोणते कपडे, ते रोजच्या कार्यक्रमपत्रकात किंवा कंपनीच्या मोबाइल ॲपमध्ये दिलेलं असतं. सकाळीच वाचून घ्यावं.

राहिला गुरुवार. शिंप्याला नाही म्हणू नका, भाऊजींना घेऊन जाच. मुलाने पैसे दिलेत, तर पांढऱ्याशुभ्र चांगल्या कापडाचे दोन नेहरू शर्ट शिवून घ्या. आतल्या बाजूने डाव्या अंगाला एक खोल खिसा ठेवायला सांगा, वर बटणासकट. जहाजावर खोलीची किल्ली आणि पैशाचं पाकीट, दोन्ही म्हणजे एकच कार्ड असतं. दार त्यानेच उघडतं, हिशेब त्याच्यावरच लागतो, पेनांगला उतरताना-चढताना तेच दाखवायचं असतं. धोतराला खिसा नसतो आणि वाकल्यावर वरच्या खिशातून कार्ड पडतं. खिसा कार्डापेक्षा दोन बोटं खोल हवा.